आधी तपासायचं की आधी चालवायचं? एका जुन्या भांडणाचा इतिहास

पायथनमध्ये "५०" ही स्ट्रिंग घ्या आणि तिला २ ने गुणा. उत्तर १०० येत नाही. एररही येत नाही. उत्तर येतं "५०५०". पायथनच्या दृष्टीने तुम्ही "ही अक्षरं दोनदा लिही" असं सांगितलंत, त्याने लिहिली. विषय संपला. आता सीएसव्ही फाइलमधून वाचलेली तिकिटाची किंमत आकड्यात बदलायची कुणाकडून राहून गेली असेल, तर पन्नास रुपयांची दोन तिकिटं पाच हजार पन्नास रुपयांना पडतात, आणि कुठेही लाल अक्षरात काही छापून येत नाही.

गेले काही महिने आमच्या टीममध्ये याच प्रकारावरून वाद चालू आहे. प्रोजेक्ट पायथनमधला, सातेक वर्षं जुना. ज्यांनी तो लिहिला त्यातले निम्मे लोक केव्हाच दुसरीकडे गेले. प्रश्न साधा: याला मायपाय लावायचा का? (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मायपाय हा पायथनचा स्टॅटिक टाइप चेकर. कोड न चालवता, नुसता वाचून, "इथे आकडा हवा होता, तुम्ही स्ट्रिंग देताय" असं सांगणारा.) एक गट म्हणतो, हे पाच वर्षांपूर्वीच करायला हवं होतं. दुसरा गट म्हणतो, एवढी हौस होती तर जावाच घ्यायची होती की! दोन्ही गटांत मला आवडणारी माणसं आहेत, त्यामुळे पंचाईत.

ऐकता ऐकता एक गोष्ट लक्षात आली. हे भांडण आमचं नाहीच. आपण जन्मायच्या कितीतरी आधीपासून ते चालू आहे आणि दोन्ही बाजूंचे बरेचसे मुद्दे आधीच मांडून झालेले आहेत. म्हणून या विकांताला थोडा इतिहास.

'टाइप' ही कल्पना संगणकाच्याही आधीची. जून १९०२ मध्ये बर्ट्रांड रसेलने गॉटलोब फ्रेगे या जर्मन तर्कशास्त्रज्ञाला एक पत्र लिहिलं. फ्रेगेने सगळं अंकगणित तर्कशास्त्राच्या पायावर उभं करायचा घाट घातला होता आणि ग्रंथाचा दुसरा खंड छापखान्यात होता. रसेलने विचारलं: जे संच स्वतःचे सभासद नाहीत अशा सगळ्या संचांचा एक संच केला, तर तो स्वतःचा सभासद असेल की नसेल? गावातल्या न्हाव्याची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीये, जे स्वतःची दाढी करत नाहीत त्या सगळ्यांची आणि फक्त त्यांचीच दाढी करणारा न्हावी. त्याची दाढी कोण करतो? हो म्हटलं तरी अडचण, नाही म्हटलं तरी अडचण. फ्रेगेने १९०३ मध्ये खंड छापला, पण शेवटी एक पुरवणी जोडून: पायाच हललाय म्हणून.

रसेलचा यावरचा उपाय, जो त्याने १९०८ मध्ये नीट मांडला, तो म्हणजे टाइप. वस्तू एका पायरीवर, वस्तूंचे संच वरच्या पायरीवर, संचांचे संच त्याच्याही वर. खालच्याने वरच्यात बसायचं. स्वतःने स्वतःत बसायचं नाही. त्यामुळे "स्वतःचा सभासद" हे वाक्य चूक की बरोबर हा प्रश्नच उरत नाही. ते वाक्यच लिहिता येत नाही. १९४० मध्ये अलोन्झो चर्चने हीच कल्पना आपल्या लॅम्डा कॅल्क्युलसला लावली. म्हणजे पहिला इलेक्ट्रॉनिक संगणक नीट उभा राहायच्या आत टाइपचं गणित तयार होतं.

मराठी बोलणाऱ्याला ही कल्पना खरं तर समजावून सांगायची गरज नाही. "माझी भाऊ आली" हे ऐकल्या ऐकल्या कानाला टोचतं. भाऊ आला की नाही, कुठून आला, याची काही माहिती नसताना! वाक्याचा अर्थ तपासायच्या आधी लिंग, वचन, विभक्ती जुळतात का हे कान तपासतो. तोच टाइप चेकर. आणि कानाची मर्यादाही तीच. "माझा भाऊ आला" हे व्याकरणात चोख बसतं, मला भाऊच नसला तरी. आपल्याकडच्या तर्कशास्त्रात 'शशशृंग' म्हणजे सशाचं शिंग हे जुनं उदाहरण आहे. समास अगदी शुद्ध, वस्तूचा पत्ता नाही. हे शिंग पुढे एकदा लागणार आहे.

१९५७ मध्ये आयबीएमच्या जॉन बॅकसच्या टीमने फोरट्रान आणली. तिच्यात टाइप होते, पण जाहीर करायची गरज नव्हती. नाव आय ते एन यांपैकी कुठल्याही अक्षराने सुरू झालं तर पूर्णांक, बाकी सगळे अपूर्णांक. गणितात आय, जे, के हे मोजायला वापरायची सवय होतीच, तिचाच नियम केला. सोय मोठी, पण तिची किंमतही होती. त्या काळच्या फोरट्रानला मधल्या मोकळ्या जागा दिसत नसत. त्यामुळे "डू १० आय = १,१०" म्हणजे दहा वेळा फिरणारी लूप, आणि स्वल्पविरामाच्या जागी चुकून टिंब पडलं, "१.१०", तर 'डू१०आय' नावाचं एक नवंकोरं व्हेरिएबल तयार होऊन त्यात १.१० जाऊन बसे. कंपायलर खूश. लूप गायब. न विचारता नवीन नाव स्वीकारणाऱ्या भाषेचा हा गुण आजही अनेक भाषांत आहे, पायथनही त्यातलीच.

सी भाषेची गोष्ट मला जास्त आवडते. सीच्या आधीच्या बी भाषेत आणि तिच्या आधीच्या बीसीपीएलमध्ये टाइप नव्हतेच. एकच प्रकार: मशीनचा एक शब्द. तो आकडा समजा, पत्ता समजा, तुमची मर्जी. मग बेल लॅब्समध्ये पीडीपी-११ आलं. त्यात एकेका बाइटला पत्ता होता, तेव्हा एक अक्षर आणि एक शब्द यांत फरक करणं भाग पडलं. डेनिस रिचीने १९७१ ते १९७३ च्या दरम्यान बीमध्ये टाइप घातले आणि सी झाली. म्हणजे तिथे टाइप आले ते चुका पकडायला नाही, कुठल्या वस्तूला किती जागा लागते हे कंपायलरला कळावं म्हणून! त्यामुळे सुरुवातीची सी फार ढिली होती. फंक्शनला दोन आकडे हवे असताना एक पॉइंटर दिलात तरी ती हूं की चूं करत नसे.

यावर उपाय म्हणून बेल लॅब्सच्याच स्टीफन जॉन्सनने एक वेगळा प्रोग्रॅम लिहिला. नाव 'लिंट'. कपड्याला चिकटलेले बारीक तंतू झटकून काढतात, ते तंतू म्हणजे लिंट. १९७८ च्या त्याच्या टिपणातला युक्तिवाद आजही वाचण्यासारखा आहे. कंपायलरचं काम प्रोग्रॅम पटकन आणि कमी खर्चात चालू करून देणं. सगळ्या फाइली समोर मांडून, निवांतपणे, हे या फाइलीतलं त्या फाइलीशी जुळतं का, हे पाहणं हे दुसरंच काम. म्हणून ते दुसऱ्याच प्रोग्रॅमने करावं.

इथे जरा थांबा, कारण आमच्या टीममधला अर्धा वाद इथेच आहे. "भाषेलाच जे नको आहे ते बाहेरून कशाला चिकटवायचं?" असं आमचा एक ज्येष्ठ सहकारी म्हणतो. इतिहास सांगतो की बाहेरून चिकटवणं ही गेल्या काही वर्षांतली फॅशन नाही, सीमध्ये ती पहिल्यापासून होती. आणि दुसरी गंमत म्हणजे लिंटच्या तपासण्यांपैकी फंक्शनला काय दिलं जातंय ही तपासणी १९८९ च्या एएनएसआय सीमध्ये, प्रोटोटाइपच्या रूपाने, थेट भाषेत आली. जे आधी ऐच्छिक होतं ते लोकांना इतकं उपयोगी पडलं की नियम झालं.

लिंटच्याच वर्षी, १९७८ मध्ये, एडिंबराच्या रॉबिन मिलनरचा एक पेपर आला. मिलनर संगणकाकडून गणिती सिद्धता तपासून घेत होता आणि त्यासाठी त्याने एमएल नावाची भाषा केली होती. त्याला दोन गोष्टी हव्या होत्या. एक, चुकीची सिद्धता 'सिद्ध झाली' म्हणून निसटता कामा नये. दोन, वापरणाऱ्याला प्रत्येक ओळीत टाइप लिहायची शिक्षा नको. त्याने दाखवलं की कंपायलर आजूबाजूच्या वापरावरून टाइप स्वतः ओळखू शकतो, आणि जो प्रोग्रॅम या तपासणीतून पार पडला तो टाइपच्या बाबतीत चालताना घसरणार नाही याची गणिती हमी देता येते. (रॉजर हिंडलीने १९६९ मध्ये तर्कशास्त्राच्या बाजूने जवळपास हेच शोधलं होतं, आणि १९८२ मध्ये लुईस दामासने मिलनरबरोबर त्याची सिद्धता पक्की केली.) १९९१ चं ट्युरिंग अवॉर्ड मिलनरला मिळालं.

म्हणजे बघा, न लिहिता टाइप ओळखायची युक्ती १९७८ मध्ये हजर होती. तरी १९९५ मध्ये आलेल्या जावाने आपल्या पिढीकडून काय करून घेतलं? डावीकडे टाइप लिहा, उजवीकडे तोच टाइप परत लिहा. जेनेरिक्स आली २००४ मध्ये, तोवर लिस्टमधून वस्तू काढली की हाताने कास्ट करा, म्हणजे टाइप लिहायचा त्रास पूर्ण आणि फायदा अर्धा. डावीकडचा टाइप गाळायची परवानगी जावाने दिली २०१८ मध्ये! त्यामुळे २००० नंतर लोक पायथन आणि रूबीकडे धावले त्यात त्यांचं काय चुकलं? ते टाइपना कंटाळले नव्हते, टंकलेखनाला कंटाळले होते. टाइपच्या बाजूच्या लोकांनी हे मान्य करायला हवं.

डायनॅमिक गटाची आणखी एक तक्रार रास्त आहे आणि तिला गणिताचाच आधार आहे. ट्युरिंगने १९३६ मध्ये दाखवलं की कुठलाही प्रोग्रॅम थांबेल की नाही हे दरवेळी सांगू शकणारी रीत असूच शकत नाही. त्याचा एक परिणाम असा: न चालवता तपासणारा कुठलाही चेकर एक तर काही निर्दोष प्रोग्रॅम नाकारणार, नाहीतर काही सदोष सोडून देणार. तिसरा पर्याय नाही. त्यामुळे "माझा कोड बरोबर आहे, तरी हे यंत्र नाही म्हणतंय" असं कुणी वैतागून म्हणाला तर तो खरं बोलत असण्याची शक्यता आहे.

मग मधला रस्ता? २००६ मध्ये जेरेमी सीक आणि वालिद ताहा या दोघांनी 'ग्रॅज्युअल टायपिंग' मांडलं. ज्या भागाला टाइप लिहिलेत तो भाग आधी तपासायचा, ज्याला नाही लिहिले तो चालताना काय होईल ते होईल, आणि दोघांच्या सीमेवरून ये-जा चालू. हवं तेवढं, हवं तेव्हा. ऐकायला अगदी साधं, पण या एका कल्पनेने ते जुनं 'हे की ते' भांडण 'किती आणि कुठे' या प्रश्नावर आणून ठेवलं. ऑक्टोबर २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टचं टाइपस्क्रिप्ट आलं, कर्ता अँडर्स हेल्सबर्ग, टर्बो पास्कल आणि सी-शार्पवाला. २०१४ मध्ये फेसबुकने पीएचपीसाठी हॅक आणि जावास्क्रिप्टसाठी फ्लो आणलं.

आणि पायथन. युक्का लेहतोसालो नावाचा फिनिश तरुण केंब्रिजला पीएचडी करत होता. त्याचा मायपाय म्हणजे सुरुवातीला पायथनसारखी दिसणारी पण स्वतःचं वेगळं व्याकरण असलेली भाषा होती. २०१३ च्या पायकॉनमध्ये त्याची गाठ गिडो व्हान रॉसमशी पडली. गिडोने सांगितलं, वेगळं व्याकरण सोड, पायथनचंच वापर. सोयीची गोष्ट म्हणजे २००८ च्या पायथन ३.० मध्ये फंक्शनला अ‍ॅनोटेशन लावायची जागा करून ठेवलेली होती, आणि तिचा अर्थ काय हे मुद्दाम ठरवलेलं नव्हतं. रिकामी खुंटी. पीएचडी संपवून युक्का ड्रॉपबॉक्समध्ये गेला, गिडो तिथे आधीपासून होताच. २०१४ मध्ये पेप ४८४ लिहिला गेला आणि सप्टेंबर २०१५ च्या पायथन ३.५ बरोबर टाइप हिंट अधिकृत झाल्या. त्या पेपमध्ये स्वच्छ लिहिलंय की पायथन डायनॅमिकच राहील आणि टाइप लिहिणं कधीच, प्रथा म्हणूनसुद्धा, सक्तीचं करायचा इरादा नाही.

२०१९ मध्ये ड्रॉपबॉक्सने जाहीर केलं की त्यांच्या चाळीस लाख ओळी आता मायपायने तपासल्या जातात. हे एका रात्रीत झालेलं नाही. आधी मायपाय फार हळू होता. मग फक्त बदललेला भाग तपासायची सोय केली, मग सतत चालू राहणारा डीमन. मला त्यांच्या लेखात सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते कारण. कोड एवढा वाढला होता की या फंक्शनला काय द्यायचं आणि ते काय परत देतं हे समजून घेण्यातच लोकांचा दिवस जात होता. बग पकडणं हा एक फायदा. वाचता येणं हा मोठा.

बग किती पकडले जातात याचंही एक मोजमाप आहे. २०१७ मध्ये लंडनचं युनिव्हर्सिटी कॉलेज आणि मायक्रोसॉफ्ट रीसर्च इथल्या तिघा संशोधकांनी जावास्क्रिप्टच्या सार्वजनिक प्रोजेक्टमधले दुरुस्त झालेले बग घेतले, दुरुस्तीच्या आधीच्या कोडला टाइप लिहिले, आणि चेकरने बग पकडला असता का ते पाहिलं. फ्लो असो की टाइपस्क्रिप्ट, उत्तर १५ टक्के. आमच्याकडे हा आकडा दोन्ही गट आपल्या बाजूने वापरतात :) एक म्हणतो "फक्त पंधरा?", दुसरा म्हणतो "हे टेस्ट चुकवून बाहेर पडलेले बग होते, त्यातले शंभरात पंधरा फुकटात गेले असते!" माझ्या मते दोघंही बरोबर वाचतायत.

उरलेल्या ८५ चं काय, याची दोन प्रसिद्ध उत्तरं आहेत. ४ जून १९९६ ला युरोपचं एरियान ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात चाळीसेक सेकंदांत फुटलं. सॉफ्टवेअर आडा भाषेत होतं, टाइपच्या बाबतीत सगळ्यात कडक भाषांपैकी एक. ६४ बिटांचा अपूर्णांक १६ बिटांच्या पूर्णांकात घालताना तो मावला नाही. असे सात व्हेरिएबल धोक्याचे होते. संगणकावरचा भार कमी ठेवायचा म्हणून चारांनाच संरक्षण दिलं होतं. एरियान ४ च्या वेगाला ते पुरेसंही होतं, पण कोड तसाच उचलून एरियान ५ मध्ये टाकला. राखीव संगणकावरही तेच सॉफ्टवेअर, त्यामुळे तोही त्याच कारणाने बंद पडला. दुसरं, सप्टेंबर १९९९ मधलं मार्स क्लायमेट ऑर्बिटर. जमिनीवरचा एक प्रोग्रॅम बलाचं माप पौंडात देत होता, दुसरा ते न्यूटनमध्ये आहे असं समजत होता. साडेचारपटीच्या आसपासचा फरक. यान मंगळाच्या वातावरणात गेलं ते गेलंच. कंपायलरच्या लेखी दोन्ही नुसते आकडे. व्याकरण शुद्ध, सशाचं शिंग.

मात्र हे शिंगही काही वेळा टाइपमध्ये पकडता येतं. पौंड आणि न्यूटन यांना दोन वेगळे टाइप द्या, मग त्यांची बेरीज होणार नाही. अँड्र्यू केनेडीच्या कामातून एफ-शार्प भाषेत मोजमापाची एककं अशीच आली. पायथनमध्येही 'न्यूटाइप' वापरून रुपये आणि पैसे वेगळे ठेवता येतात. आणि 'काहीच नाही' हे मूल्य? टोनी होअरने १९६५ मध्ये अल्गॉल डब्ल्यूसाठी नल रेफरन्स घातला आणि २००९ मध्ये जाहीर भाषणात त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. मायपाय आज सगळ्यात जास्त कामाला येतो तो इथेच. "हे फंक्शन कधीकधी नन परत देतं, तुम्ही ते तपासलेलं नाही" एवढं एक वाक्य तो न थकता सांगतो.

आमच्या प्रोजेक्टवर प्रयोग म्हणून मायपाय चालवला तेव्हा पैशांच्या मॉड्यूलमध्ये असंच दिसलं. 'रक्कम' हे एकच नाव एका फंक्शनमध्ये रुपये होतं, दुसऱ्यात पैसे, आणि तिसऱ्यात स्ट्रिंग. प्रत्येकाने आपल्या जागी बरोबरच लिहिलं होतं. जुळवणी लोकांच्या डोक्यात होती आणि ती डोकी आता दुसऱ्या कंपनीत आहेत. त्याची किंमत कोण देतं? जो नवीन मुलगा किंवा मुलगी टीममध्ये येते ती. रात्री दोनला फोन तिला येतो आणि तिने कोणाला विचारायचं? "कोड वाच, कळेल" हे उत्तर देणाऱ्याला तो कोड सात वर्षांपासून पाठ असतो.

म्हणून माझं मत टाइपच्या बाजूने पडलं, पण एरियानकडे आणि जावाकडे बघून काही अटींसह. नवीन फाइल असेल तर टाइप पूर्ण लिहायचे. जुन्या कोडमध्ये सीमेपासून सुरुवात: फाइल वाचणं, डेटाबेस, बाहेरच्या एपीआय, आणि पैसे. आतली चालू असलेली फंक्शनं हात लागेल तेव्हा. 'एनी' लिहून चेकरचं तोंड बंद करायला हरकत नाही, पण शेजारी एक ओळ कारण लिहायचं. एकही टेस्ट कमी करायची नाही. आणि "किती टक्के टाइप लिहून झाले" हा आकडा कुणाच्या अप्रेजलमध्ये घालायचा नाही, नाहीतर महिनाभरात सगळीकडे 'एनी' दिसेल आणि टक्के शंभर होतील.

तो ज्येष्ठ सहकारी अजून पूर्ण राजी नाही. पण परवा त्याने स्वतःहून एका जुन्या फंक्शनला टाइप लिहिले आणि म्हणाला, "हे मी तुमच्या चेकरसाठी नाही केलं. पुढच्या महिन्यात मी रजेवर आहे, तेव्हा तुम्ही मला फोन करू नये म्हणून केलंय." लिंटपासून ड्रॉपबॉक्सपर्यंतचा सगळा इतिहास वाचून मला याहून चांगला युक्तिवाद सापडला नव्हता.

असो. पुढच्या विकांताला टेस्टवाल्यांची बाजू.